डोळा लागता लागता

आधी हे सगळं एकदा सावकाश वाचून घ्या, मग दिवा मालवा. रोज ज्या कुशीवर झोप लागते त्याच कुशीवर वळा. आजच्या मननाला वेगळं आसन नको. मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा. पांघरूण पायांवर नीट ओढून घ्या. आज काही साधायचं नाही. जागेपण आणि झोप यांच्यामधे एक चिंचोळी जागा आहे. तिथून आपण रोज जातो आणि रोज विसरतो. तिच्यापाशी थोडं रेंगाळायचं, एवढंच. मधेच झोप लागली तर लागू द्या.

या जागेसाठी मराठीत किती शब्द आहेत, ते मनाशी घोळवून पाहा. बसल्या बसल्या पेंग येते. एसटीत डुलकी लागते. दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते. औषधाने गुंगी येते, विचारात तंद्री लागते. आणि रात्री डोळा लागतो. 'आत्ताच डोळा लागला होता' हे आपण नेहमी मागाहून म्हणतो. लागत असताना तो कुणाला दिसत नाही. आज तो लागत असताना बघायचं आहे.

डोळे मिटा. समोर काय आहे?

काळोख म्हणाल, पण घाई करू नका. थोडा वेळ गेला की दिसेल, तो पुरता काळा नाही. राखाडी, किंचित हलता, पावसाळी आभाळासारखा काळोख आहे. त्यात बारीक ठिपके सरकतात. कुठे जांभळट ढग येतो, कडेने विरतो. कुठे जाळी दिसते, चांदण्या दिसतात. डोळ्यांच्या आतला पडदा प्रकाश नसतानाही पूर्ण गप्प बसत नाही. थोडी कुजबुज चालूच ठेवतो. यान पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८१९ साली मिटल्या डोळ्यांपुढे उमटणाऱ्या अशा आकृत्यांची चित्रं काढून ठेवली. चौकटी, वर्तुळं, नक्षी. आपण डोळे चोळल्यावर जे पाहतो तेच त्याने चिकाटीने कागदावर उतरवलं. आज तुम्ही डोळे चोळू नका, पापण्यांवर बोटं दाबू नका. जे आपसूक येतं तेवढंच पाहा. पाठलागही नको. पाठलाग केला की ते विरतं.

आता कान. घरातले आवाज एकेक करून ओळखा. फ्रीज थरथरून थांबला. पंख्याचं एक पातं दर फेरीला कुरकुरतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. लांब कुठे कुत्रं भुंकतंय. प्रत्येक आवाजाला मनात 'आहे' म्हणा आणि सोडून द्या. हळूहळू हे आवाज जवळचे राहणार नाहीत. पंखा चालूच असेल, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात चालल्यासारखा वाटेल.

या घटकेला आत काय होत असतं, ते कळल्यावर मला फार दिलासा मिळाला होता, म्हणून सांगते. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. बाहेरून येणारे आवाज, स्पर्श, उजेड बहुतेक त्याच्यामार्फतच मेंदूच्या वरच्या कवचापर्यंत पोचतात. झोप लागताना हा थॅलॅमस आधी शांत होतो. वरचं कवच मात्र त्याच्यामागून, काही मिनिटं उशिरा निवतं. म्हणजे थोडा वेळ असा येतो की दार लागलेलं असतं आणि घरातली माणसं जागी असतात. बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं चालू राहतं. मग ओळखीचे चेहरे दिसतात, दिवसभर निवडलेल्या मेथीची पानंच पानं दिसतात, कुणीतरी अर्धं वाक्य बोलतं. आल्फ्रेद मोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८४८ साली या भासांना वेगळं नाव दिलं. त्याने स्वतःवरच प्रयोग केले होते. आपल्याकडे काश्मीरच्या शैव परंपरेतल्या विज्ञानभैरवात तर हीच जागा ध्यानासाठी सांगितली आहे: झोप अजून आलेली नाही आणि बाहेरचं जग मावळलं आहे, तिथे मन ठेवावं. रोज रात्री, फुकट, प्रत्येकाच्या उशाशी येणारी ही जागा आहे. आपण ती उद्याच्या कामांच्या यादीत घालवतो, याचं मला वाईट वाटतं.

श्वासाकडे लक्ष द्या. तो लांब झालाय का? नसेल तर नसू दे.

इथे कधी कधी पाय निसटतो. पायरी चुकल्यासारखं होतं आणि सगळं अंग दचकतं. पांघरुणातला पाय झटका देतो. बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो; स्नायू सैल पडत असताना होणारा हा एक उसळा असतो. दचकलात तर पुन्हा त्याच कुशीवर या, पहिल्यापासून सुरुवात करा. फ्रीज, पंखा, लांबचं कुत्रं.

आणि कधी कधी इथे आवाज येतो.

मी पस्तिशीत होते तेव्हाची गोष्ट. घरात कुणाचं तरी दुखणं चालू होतं, आठ-पंधरा दिवस धड झोप नव्हती. त्या रात्री अंथरुणावर पडले, काळोखातले ठिपके सरकायला लागले, आणि स्वयंपाकघरात पितळी परात शहाबादी फरशीवर आपटली. नुसती पडली नाही, आपटली. त्याबरोबर डोळ्यांपुढे पांढरा लख्ख उजेड झाला, फोटो काढताना होतो तसा. मी उठून बसले. छाती धडधडत होती. घर गप्प होतं. आवाज झाल्यावर घरात जी गडबड व्हायला हवी होती, तिचा पत्ता नव्हता.

मी जाऊन पाहिलं. दिवा लावला. परात मांडणीवर, भिंतीला टेकून, नेहमीच्या जागी उभी होती. रात्री विसळून ठेवली होती, तिच्या कडेवरून ओघळलेला पाण्याचा थेंब अजून खालच्या काठाला लोंबत होता. तो थेंब मी बराच वेळ बघत राहिले. परात हलली असती तर तो पडला असता. दुधाच्या पातेल्यावरची जाळी जागेवर, कुकरचं झाकण जागेवर. म्हणजे आवाज घरात झालाच नव्हता. तो माझ्यात झाला होता. हे लक्षात आल्यावर मला परातीपेक्षा जास्त भीती वाटली.

मी कुणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी आपण सांगत नाही. लोक काय म्हणतील हा एक भाग, आणि आपल्याच तोंडून ते ऐकण्याची भीती हा दुसरा. पुढची सात-आठ वर्षं तो आवाज अधूनमधून येत राहिला. कधी परात, कधी दार धाडकन लागल्यासारखा, एकदा तर कानाशीच ॲटमबॉम्ब फुटल्यासारखा. दुखायचं मात्र कधीच नाही.

डॉक्टरांना हा अनुभव दीडशे वर्षांपासून माहीत आहे. सायलस वेअर मिचेल या अमेरिकी मज्जातज्ज्ञाने १८७६ साली अशा रुग्णांची नोंद केली. झोपेच्या काठावर त्यांना घंटेचा किंवा बंदुकीच्या बारासारखा आवाज येई. १९२० साली रॉबर्ट आर्मस्ट्राँग-जोन्स यांनी मेंदूत काहीतरी तटकन तुटल्याच्या भासाबद्दल लिहिलं. पुढे १९८८ मध्ये जे. एम. एस. पिअर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'द लॅन्सेट'मध्ये त्याला जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो 'डोकं फुटण्याचा विकार'. मला हे नाव पटत नाही. ज्याने डोकं फुटत नाही, दुखतही नाही, त्याला असं नाव देऊन घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं जातं. पण पिअर्स यांचे उपकारही मानले पाहिजेत. त्यांनी सांगितलं की हे निरुपद्रवी आहे, आणि तेवढं सांगितल्यावरच अनेकांना बरं वाटलं.

या सगळ्या डॉक्टरांच्याही आधीची एक रात्र आहे. १० नोव्हेंबर १६१९. तेवीस वर्षांचा रने देकार्त जर्मनीत हिवाळ्यासाठी मुक्कामाला होता. त्या रात्री त्याला तीन स्वप्नं पडली. त्यांतल्या एकात वीज कडाडल्यासारखा आवाज झाला, तो जागा झाला आणि त्याला खोलीत ठिणग्या उडताना दिसल्या. अलीकडे काही डॉक्टरांनी म्हटलं आहे की हा तोच अनुभव असावा. देकार्तने त्या रात्रीचा अर्थ आयुष्यभराच्या कामाचा कौल म्हणून लावला. आवाज तोच, एकाने त्यातून तत्त्वज्ञान उभं केलं, आणि मी रात्री दोन वाजता परात तपासत उभी राहिले.

हे का होतं, याचा पक्का निकाल लागलेला नाही. सर्वांत मान्य असलेलं म्हणणं असं: झोपताना मेंदूच्या देठातली जागं ठेवणारी यंत्रणा एकेक विभाग बंद करत जाते, हालचालीचा, ऐकण्याचा, पाहण्याचा. संध्याकाळी बाजारपेठ बंद होते तशी. एखाद्या वेळी ऐकण्याच्या विभागाला बंद व्हायला उशीर होतो आणि तिथल्या पेशी एकदम उसळतात. शेवटच्या दुकानदाराने शटर सावकाश न ओढता सोडून दिलं की गल्लीभर आवाज होतो, तसं. पाहण्याचा विभाग सोबत उसळला की उजेड दिसतो. ताण, थकवा, झोपेची आबाळ असेल तेव्हा हे जास्त होतं. माझ्या त्या आठ-पंधरा दिवसांकडे पाहिलं तर मला हे पटतं.

आता पुन्हा अंथरुणाकडे या. समजा आवाज झाला. आज, आत्ता.

उठू नका. पहिला श्वास जोरात आत जाईल, जाऊ द्या. छाती धडधडेल, तिला धडधडायला जागा द्या, तळवा छातीवर ठेवा. आवाज तर एव्हाना संपलेला आहे. तो क्षणभरच असतो. आता जे चालू आहे ते त्याच्या मागून आलेलं भय आहे, आणि भय ओसरायला मिनिट-दोन मिनिटं घेतं. मनात एकदाच म्हणा, 'शटर पडलं.' मग घरातले आवाज मोजा. फ्रीज. पंखा. लांबचं कुत्रं. ते आहेत, म्हणजे घर जागच्या जागी आहे. मी पुढे हेच करायला शिकले. आवाज लगेच थांबले नाहीत, पण स्वयंपाकघराच्या माझ्या फेऱ्या थांबल्या.

कुणाला आवाजाऐवजी आपलं नाव ऐकू येतं. आई हाक मारते, कधी गेलेलं माणूस हाक मारतं. आपल्याकडे म्हणतात, रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मी तो नियम पाळते, माझ्या कारणासाठी. ओ दिली की झोप पुरती मोडते. हाक ऐकावी, कुणाची होती ते आठवावं, आणि उबेत पडून राहावं. गेलेल्या माणसाचा आवाज आपल्या आत इतका जसाच्या तसा शिल्लक आहे, हे त्या घटकेला कळतं. मला माझ्या आजोबांची हाक दोनदा आली आहे.

ओ देण्याचा हा एक मोह, दुसरा उलट बाजूचा. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात साधकाला ऐकू येणाऱ्या नादांचं वर्णन आहे, समुद्र, मेघ, भेरी, शंख, घंटा, शेवटी बासरी, वीणा आणि भुंगा. ते वाचून एखाद्याला वाटेल, मला नाद ऐकू यायला लागला. माझं मत विचाराल तर असं मानू नये. ते वर्णन सरावाने, आसन लावून, जागेपणी स्थिर झालेल्या चित्ताचं आहे. थकून अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मेंदूतला उसळा वेगळा. त्याला सिद्धी म्हटलं की तो यावा म्हणून वाट पाहणं सुरू होतं, आणि वाट पाहणाऱ्याला झोप लागत नाही.

काही खुणा मात्र अंगावर काढू नका. आवाजासोबत डोकं अचानक भयंकर दुखलं, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. दिवसाउजेडी डोळ्यात विजा चमकू लागल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल, तर तेही दाखवा. हे वेगळे आजार आहेत, आणि त्यांत वेळ फार मोलाचा असतो.

माझ्या आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती सत्तरीला आली होती. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. मी परातीचं सांगितलं, पांढऱ्या उजेडाचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "माझी घंटा असते गं. देवळातली. तू पोटात होतीस तेव्हापासून." मी विचारलं, कुणाला सांगितलं नाहीस कधी? ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर, आम्ही दोघी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रात्री दचकून उठत होतो.

म्हणून दिवा मालवण्याआधी एवढं ठरवा. तुम्हाला कधी असा आवाज आला असेल, उजेड दिसला असेल, तर उद्या सकाळी चहाच्या वेळी घरात सांगा. आणि तुम्हाला कधीच आला नसेल, तर घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा.