डॉक्टरीणबाईचं पहिलं वाक्य

भाची धारणीच्या पुढे, मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेली डॉक्टर. मामा अकोल्याचे, कृषी खात्यातून निवृत्त. दोघंही मी रचलेली. पण त्यांच्यापुढचा पेच मेळघाटात नोकरीला जाणाऱ्या कोणालाही पहिल्याच आठवड्यात गाठतो. भाची पुण्यात शिकल्यामुळे शहरी मराठी बोलते. मामांनी आपली वऱ्हाडी कोणासाठी बदलली नाही, म्हणून मीही ती बदललेली नाही.

भाची: मामा, परक्या भाषेतलं एखादं वाक्य फार चांगलं येणं वाईट का हो?

मामा: वाक्य कोनतं हाये?

भाची: 'कुठं दुखतं' एवढंच. कोरकूत. आमच्या आशाताईंकडून घोटून घेतलं होतं. उच्चार इतका नेमका बसला की समोरच्या बाईचा चेहराच खुलला आणि ती भडाभडा बोलायला लागली. कधीपासून दुखतंय, भुमक्यानं, म्हणजे गावच्या वैदूनं काय सांगितलं, सासू काय म्हणाली, असं काहीतरी असावं. मला त्यात 'पाणी' तेवढं कळलं.

मामा: मंग? मान हालवली?

भाची: नाही. थांबवलं तिला. समजलं नाही, सावकाश सांगा म्हटलं. तर ती आधी गप्पच झाली. मग हिंदीत म्हणाली, 'पेट दुखता.' बस्स, तेवढंच.

मामा: बरोबर केलं तू. औषध द्याचं हाये, कीर्तन नाई करायचं. मी एक पाह्यलेलं सांगतो. शेतकरी मेळाव्यात बाहेरराज्यातले एक शास्त्रज्ञ आले होते. त्यायनं वऱ्हाडी पाठ केलती. 'राम राम भाऊ हो, यंदा पऱ्हाटी कशी हाये?' लोकायनं टाया वाजवल्या. ते साल 2017 चं, बोंडअळीचं. एका बुढ्यानं सारं गाऱ्हानं मांडलं, कोनत्या दुकानदारानं कोनती बाटली देल्ली, फवारे किती मारले. सायेब हासत राह्यले. बुढ्याले वाटलं, सायबाले पटलं. वावरात जाऊन त्यानं तोच फवारा पुन्हा मारला.

भाची: म्हणजे सायबांनी हिंदीतच सुरुवात करायला हवी होती?

मामा: तं बुढा सावध तरी राह्यला असता. पहिलं वाक्य म्हंजे उधारी असते, पोरी. समोरचा त्याच्या भरोशावर माल काढून देते. तुह्यापाशी फेडाले काय हाये?

भाची: काहीच नाही. गुजराती, हिंदी मला अंदाजानं तरी कळते. कोरकूत तो अंदाज चालतच नाही. ती मुंडा कुळातली, तिची संथाळी-मुंडारी भावंडं पार झारखंडाकडे. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर होते, मेळघाटापासून तिकडे बैतूल-खंडव्यापर्यंत; पण अमरावतीच्या दुकानात तिचं पुस्तक मागून बघा. म्हणजे शिकायचं ते बोलूनच. आणि हिंदीत सुरुवात केली की पुढचं सगळं हिंदीतच होतं, हेही मी पाहिलंय. पहिल्या भेटीत दोन माणसांमध्ये जी भाषा ठरते ती सहसा बदलत नाही. तुम्ही आणि मामी अजून एकमेकांशी तसंच बोलता ना, लग्नाच्या वर्षीसारखं, 'अहो' आणि 'ऐकलं का'?

मामा: तुह्या मामीले मधात नको आनू. अन् 'पेट दुखता' हे खरं तं होतं?

भाची: खरं होतं, पुरतं नव्हतं. पाळीचं दुखणं, पोटातल्या बाळाचं, की उपासमारीचं? हिंदी तिचीही नाही, मामा. धारणीच्या बाजारात, फॉरेस्टच्या नाक्यावर कानावर पडून शिकलेली. परक्या भाषेत दुखणं सांगायचं म्हणून ते दोन शब्दांचं झालं.

मामा: मंग कोरकूत बोलली तं उधारी, अन् नाई बोलली तं निदान अर्धं.

भाची: हो. पण मला टोचलं ते याहून निराळं. माझ्या त्या एका वाक्याचं रांगेत केवढं कौतुक झालं! 'डॉक्टरीणबाई कोरकू बोलते.' ती बाई हिंदी शिकली, थोडी मराठीही. शहरात केस पेपरच्या खिडकीशी ती जेव्हा नाव-गाव सांगायला उभी राहत असेल, तेव्हा तिच्या मराठीला कोणी टाळी दिली असेल?

मामा: … सोयाबीन सोंगाले अकोटाकडं मेळघाटातले मजूर येतात. होळी आली का एक बी थांबत नाई, पर बाकी किती वर्सं तेच ते लोक. आपल्याशी वऱ्हाडी बोलतात. चुकले तं आपन हासतो. आपले लेकरं नक्कल करतात. मले त्यायच्या बोलीत पान्याले काय म्हनतात ते बी मालूम नाई.

भाची: डा.

मामा: डा. बरं. अन् तू पुन्यात गेली तवा 'मले'चं 'मला' कराले किती दिवस लागले?

भाची: होस्टेलमधली पहिली संध्याकाळ. तिथं छाप पाडायची होती.

मामा: अन् मेळघाटात?

भाची: तिथंही छापच पाडायची होती, खोटं कशाला बोलू? फरक एवढाच की पुण्यात चुकले असते तर हसं झालं असतं, आणि धारणीत चुकले तरी कौतुकच होणार. बोलणं दोन्हीकडे शिकाऊच. मी टेबलाच्या कोणत्या बाजूला बसलेय, त्यावरून त्याची किंमत ठरते.

(इथे मला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. आत्मविश्वासानं बोला, नजर भिडवा, दोन वाक्यं त्यांच्या भाषेत पेरा, असं शिकवणारी पुस्तकं अमरावतीच्या बसस्टँडवरही मिळतात. ती सगळी छाप पाडणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली. आरोग्य केंद्राच्या रांगेत छाप पाडण्याची खरी निकड डॉक्टरला नसते, पेशंटला असते. आपण खोटं सांगत नाही, अडाणी नाही, आपलं ऐकण्याजोगं आहे, हे तिला तोडक्या भाषेत, मिनिटभरात पटवायचं असतं.)

मामा: कौतुक नको वाटते तं बोलूच नको मंग कोरकू.

भाची: मला लाज वाटते म्हणून मी गप्प बसायचं, आणि अडखळण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच! हा कसला न्याय?

मामा: मंग रिद्धपूर पाह्य. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे म्हनतात. रिद्धपुरात त्यायले गोविंदप्रभू भेटले, अन् मंग सारा उपदेश मराठीत. तेराव्या शतकात म्हाइंभटानं त्यायचं बोलनं लीळाचरित्रात गोळा केलं. मराठी भाषा विद्यापीठ बी सरकारनं आता तिथंच काढलं. परक्या मानसानं दुसऱ्याच्या बोलीत पाय कसा ठेवावा, याचं याच्यापरीस मोठं उदाहरन तू आन.

भाची: मोठं आहे म्हणूनच मला उपयोगाचं नाही. म्हाइंभटांनी आठवणी जमवल्या त्या स्वामी गेल्यावर. तोवर मराठी स्वामींचीच होऊन गेली होती. मला त्यांचा पहिला महिना हवा. पाणी मागताना ते कसे बोलले असतील? समोरची बाई हसली असेल, की सावकाश बोलायला लागली असेल?

मामा: ते कोन लिहून ठेवते! बरं, गाडगेबाबा घे. शेंडगावचा मानूस, कोठी बी जावो, बोली वऱ्हाडीच. अन् सांगन्यापरीस पुसनं जास्त. लोकायच्याच तोंडून उत्तर काढत. तू बी पुसत जाय.

भाची: पुसलंच तर होतं. गाडगेबाबांना उत्तर कळायचं, मामा.

मामा: हाव, ते तं हाये.

भाची: म्हणून आता ठरवलंय, तिला मध्ये तोडायचं नाही. सगळं कोरकूत बोलू द्यायचं. आशाताई शेजारी. शेवटी जे समजलं ते मी माझ्या मोडक्या कोरकूत तिला परत सांगणार. चुकलं की ती दुरुस्त करील.

मामा: तिनं डॉक्टरले दुरुस्त करायचं? पहिल्या भेटीत? तुले वाटते करीन ती?

भाची: आधी आशाताईंनी केलं, की करील. माझी चूक दाखवायला कोणीतरी पहिलं लागतं.

मामा: अन् रांग?

भाची: बाजाराच्या दिवशी पार फाटकापर्यंत.

मामा: मंग लोक म्हनतीन, नवी डॉक्टरीन मंद हाये.

भाची: म्हणतीलच. तेवढी छाप खरी असेल. मला काळजी आशाताईंची आहे. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, आणि त्या यादीत दुभाष्याचं काम कुठंच नाही. शिवाय त्या त्याच गावच्या. नवऱ्याची दारू, लपवलेली पाळी, हे त्यांच्यापुढे कोण बोलणार?

मामा: तवा?

भाची: तेव्हा आशाताईंना बाहेर पाठवायचं आणि हिंदीवर यायचं. माझी पुण्याची, तिची बाजारातली. थोडंच कळेल; पण ते तिनं मला सांगितलेलं असेल, गावाला नाही.

मामा: म्हंजे कोरकू राह्यलीच.

भाची: नाही राहत. संध्याकाळी आशाताईंच्या ओट्यावर बसते मी. तिथं कोणाला गोळी द्यायची नसते.

मामा: तिथं बी टाया वाजवतात का?

भाची: छे हो. तिथली पोरं माझी नक्कल करतात.