राखलेलं बळ

आठ कोअरचा प्रोसेसर म्हटलं की वाटतं, आठही कोअर अहोरात्र राबत असतील. प्रत्यक्षात खिशातल्या मोबाइलमधले बहुतेक कोअर दिवसाचा बराच वेळ झोपलेले असतात, आणि बॅटरी दिवसभर पुरते ती म्हणूनच.

यामागे विजेचं सरळ गणित आहे. चिपला लागणारी वीज वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग चढवायचा तर व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून घाई दुहेरी महाग पडते. आता वेग निम्मा केला आणि व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आणता आलं, तर चिपमधून नुसती गळून जाणारी वीज सोडून एका कोअरला जेमतेम चौथाई वीज लागते. असे दोन कोअर मिळून तेच काम तेवढ्याच वेळात उरकतात, अन् खर्च निम्म्यावर येतो. अट एकच: काम वाटून घेता आलं पाहिजे.

२०११ साली एआरएम कंपनीनं याच विचाराला पुढची दिशा दिली. ताकदवान कॉर्टेक्स-ए१५ आणि काटकसरी कॉर्टेक्स-ए७ हे कोअर तिनं एकाच चिपवर नांदवले. गाणं ऐकणं, निरोप वाचणं धाकट्यांकडे. खेळ किंवा मोठं वेबपान आलं की थोरले जागे होणार आणि काम संपताच पुन्हा निजणार. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘डोझ’ आलं. फोन नुसता पडून असेल तेव्हा अ‍ॅपची किरकोळ कामं साठवायची आणि मधूनमधून एकदम उरकायची. कारण क्षणभराच्या कामासाठी जागं होण्यालाही वीज लागते.

आपण मात्र सकाळी उठल्यापासून प्रत्येक हाकेला सारख्याच तातडीनं धावतो. साध्या निरोपाच्या उत्तरालाही परीक्षेचा ताण देतो, आणि संध्याकाळी घरच्या माणसांशी बोलायला त्राण उरत नाही. सतत जागं राहण्याला कष्टाळूपणा मानण्याची ही सवय मला घातक वाटते.

आज दिवस सुरू करताना कामांकडे थोडं निरखून पाहावं. कोणतं सावकाश झालं तरी चालेल, कोणतं दुसऱ्याबरोबर वाटून घेता येईल, कोणती चार बारीक कामं एकत्र उरकतील, हे ठरवावं. मधली विश्रांती मोकळ्या मनानं घ्यावी. आणि खरोखर सगळी ताकद मागणारं काम समोर आलं, तर तिथे हात आखडू नये. बळ राखायचं ते अशाच कामासाठी.