भरताचं वांगं

आधी पाटीसमोर खाली बसा. उभ्याने वाकून वांगी निवडू नका. मार्गशीर्षातली सकाळ आहे, सालीवर अजून गारवा आहे. हात पुढे करण्याआधी थोडा वेळ नुसतं बघा.

आपण काय न्यायला आलो आहोत, ते मनात एकदा म्हणा. चंपाषष्ठीच्या नैवेद्याचं भरीत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबापुढे भरीत आणि बाजरीचा रोडगा ठेवायचा, सोबत कांद्याची पात आणि लसूण. आषाढात कांदेनवमीला कांद्या-वांग्याची हौस पुरवून ज्या घरांनी चातुर्मास धरला, त्यातल्या मल्हारीचा कुळाचार असलेल्या कित्येक घरांत कार्तिकी एकादशी उलटली तरी वांगं शिजत नाही. ती घरं षष्ठीची वाट बघतात. म्हणजे आज तुमच्या पिशवीत पडेल ते जवळजवळ पाच महिन्यांनी घरात येणारं पहिलं वांगं. त्याला थोडा वेळ द्यायलाच हवा.

नळदुर्गात तर हे दिवसच वेगळे. इथल्या खंडोबाची घरं दोन. वर्षातला मोठा काळ देव शेजारच्या अणदूरला असतो आणि थंडीत पावणेदोन महिने नळदुर्गला, बोरीकाठच्या मैलारपूरच्या देवळात राहायला येतो. किल्ल्यातल्या पाणीमहालामुळे जिचं नाव दूरवर गेलं, तीच ही बोरी. पौष पौर्णिमेला इथे यात्रा भरते, भंडाऱ्याने वाट पिवळी होते. वांगी चवीला येतात तेही याच दिवसांत. देवाचा मुक्काम आणि वांग्याचा बहर असे एकाच वेळी येतात, याचं मला फार समाधान वाटतं.

आता एक गोष्ट नीट मनात धरा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नैवेद्य चाखायचा नसतो. एरवी भाजी करताना चमच्याने थेंबभर जिभेवर घेता, मीठ वाढवता, कडसर वाटलं तर गुळाचा खडा टाकता. आज ती सोय नाही. ताट देवापुढे जाईपर्यंत भरीत कसं झालंय हे कुणालाच कळणार नाही. म्हणून आजचं चाखणं इथेच, पाटीजवळ, हाताने आणि डोळ्याने करायचं आहे.

एक वांगं उचला. तळहातावर ठेवा आणि बोटं सैल सोडा. मग दुसऱ्या हातात त्याच आकाराचं दुसरं घ्या. लगेच ठरवू नका. श्वास दोनदा आत-बाहेर होऊ द्या. एक हात किंचित खाली जाईल. जुन्या बायका सांगतात, भरताला हलकं वांगं घ्यावं, जडात बिया फार. आकार तोच आणि भार कमी, म्हणजे आत गर मोकळा आहे, बी अजून कोवळी आहे. कडूपणा बहुतेक निबर बियांबरोबर येतो. ज्याने हात खाली नेला ते हलकेच परत ठेवा. फेकू नका, पाटीवालीने पहाटे उठून ती रचलेली आहेत.

आता साल बघा. जरा उजेडाकडे फिरवा. कोवळ्या वांग्याची साल ताणलेली असते, तिच्यावर उजेड सरकताना दिसतो. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की तजेला जातो, रंग विटतो, कुठे पिवळसर-तपकिरी झाक येते. अंगठ्याने हलकं दाबा आणि अंगठा उचलून वाट बघा. खड्डा भरून आला तर ठीक. तसाच राहिला तर ते वांगं शिळं आहे. अजिबात दबलंच नाही, तर ते अजून फार कच्चं असेल.

देठाशी या. देठ हिरवा हवा, त्याखालची टोपी सालीला घट्ट धरून असलेली. तिच्यावरचे काटे बोटाला टोचतील, टोचू द्या. ताज्या तोडीची ती खूण आहे. मग फळ सावकाश पूर्ण फिरवा आणि छिद्र शोधा. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याची जुनी वैरीण. ती लहानपणीच आत शिरते, वरचं छिद्र कधीकधी भरूनही येतं आणि बाहेरून फळ देखणं राहतं. शेतकरी तिच्यापायी फवारणी करून थकतो. तिच्याचसाठी जनुक बदललेलं बीटी वांगं आलं होतं, त्याला २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्थगिती दिली. त्या वादात आत्ता शिरत नाही. आत्ता फक्त नखाएवढी जागाही न सोडता बघा.

आकाराचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला, कारण बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. लहान, काटेरी वांगी मसाला भरायला. भरताला मोठं हवं, कारण विस्तवावर साल जळून जाते आणि आतला गर आटतो. वांग्याचा गर सच्छिद्र असतो, त्यात हवा भरलेली असते. आच लागली की ती हवा आणि वाफ निघून जाते, गर खाली बसतो. परातभर वांग्यांचं वाटीभर भरीत होतं ते यामुळे. जळगावकडचं हिरवट, पांढुरक्या रेघांचं थोरलं भरीत वांगं याच कामाला नावाजलेलं. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे ते कपाशीच्या काड्यांवर भाजतात. आपल्याकडे जांभळं मिळालं तरी काही उणं नाही. फक्त सगळी साधारण एका मापाची निवडा, म्हणजे विस्तवावर एक करपत असताना दुसरं कच्चं राहणार नाही.

घरी या. धुऊन कोरडी पुसा, तेलाचा हात फिरवा. आता सुरीने उभी चीर द्या आणि थांबा. हाताने जे ताडलं ते आता डोळ्याला दिसणार आहे. गर पांढरा, बिया फिक्या आणि पुसट, तर निवड बरोबर. काळसर बोगदा दिसला, तर ते वांगं नैवेद्यातून बाजूला काढा आणि मन खट्टू करू नका. आतलं सगळं बाहेरून कळावं अशी कुणाचीच नजर नसते. चांगल्याच्या चिरेत लसणाची पाकळी आणि हिरवी मिरची खोचा. चीर हवीच, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने वांगं फुटतं.

निखाऱ्यांवर ठेवा. जाळ नको, धग हवी. आता बसून राहा आणि ऐका: आधी काहीच नाही, मग साल चरचरते, मग चिरेतून रस निखाऱ्यावर पडून चुर्र होतं. देठ धरून पाव फेरा फिरवा. पुन्हा थांबा. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तिथे सुरीचं टोक लोण्यात शिरावं तसं शिरलं की उतरवा.

थोडं निवू द्या. बोटं पाण्यात बुडवून साल काढा. वांगं मात्र पाण्याखाली धरू नका, धुराची चव वाहून जाते. गर हाताने मोडा, फार गुळगुळीत करू नका. कांद्याची पात, शेंगदाण्याचा कूट, कच्चं तेल. मीठ चिमटीने घ्या. इथे जीभ पुन्हा मागे लागेल. तिला थांबवा आणि चिमटीवर विश्वास ठेवा.

तळी भरून झाली, येळकोट झाला, देवापुढून ताट परत आलं. आता खा. पहिल्या घासाला बोलू नका. दाताखाली बी किती येते, मागे कडसर काही उरतं का, धूर कुठवर पोचलाय, एकेक बघा. भरीत मनासारखं उतरलं असेल, तर वांगी कोणत्या पाटीवरून घेतली ते घरच्या पोरीबाळींना आजच सांगून ठेवा. अमावास्येला येळवस आहे, तिच्या बाजाराला पुन्हा त्याच बाईकडे जायचं.