हाताची हद्द

सौंसरला लहानपणी आम्ही फुटबॉल खेळायचो तेव्हा गोल म्हणजे दोन दगड. चुना आणायला पैसे नसत, म्हणून गोलकीपरची हद्द टाचेने माती उकरून आखायची. आम्ही तिला डी म्हणत असू. दहा मिनिटांत ती रेघ पुसली जाई आणि भांडण सुरू होई. "हँड झाला बे!" "मी गोलकीपर आहो ना!" "पण तू डीच्या बाहेर होता!" हात लावायचा हक्क कोणाला, कुठपर्यंत, आणि ती हद्द ओलांडली तर शिक्षा किती, हेच आमचे भांडण होते. फुटबॉलचे नियम करणाऱ्यांचेही दीडशे वर्षांहून अधिक काळ तेच चालले आहे.

१८६३ मध्ये लंडनला पहिले नियम लिहिले गेले तेव्हा हाताला पूर्ण बंदी नव्हती. चेंडू हवेत झेलता येत असे, घेऊन पळता मात्र येत नसे. पुढे हात सर्वांनाच वर्ज्य झाला, आणि १८७१ मध्ये फक्त एका खेळाडूला, गोल राखणाऱ्याला, तो परत मिळाला. ही मुभा इतकी मोठी होती की तिला आवर घालत जावे लागले. १८८७ मध्ये ती मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्या भागापुरती उरली. तरी वेल्सचा गोलकीपर ली रूझ चेंडू हाताने आपटत थेट मध्यरेषेपर्यंत यायचा. १९१२ मध्ये हाताचा हक्क पेनल्टी एरियापुरता झाला. म्हणजे आमची मातीतली रेघ जगाच्या मैदानावर पक्की व्हायला १८७१ पासून एकेचाळीस वर्षे गेली.

हद्द ठरली, तरी शिक्षेचा प्रश्न उरलाच. १८९१ च्या एफए कपमध्ये नॉट्स काउंटीच्या एका बचावपटूने स्टोकचा नक्की होणारा गोल रेषेवर हाताने अडवला. स्टोकला मिळाली साधी फ्री किक, आणि समोर उभ्या गोलकीपरने ती सहज रोखली. गुन्हा करणाऱ्याचाच फायदा झाला. त्याच वर्षी पेनल्टी किक आली. ती सुचवली होती आयर्लंडच्या विल्यम मॅक्रमने, आणि मॅक्रम स्वतः गोलकीपर होता. ज्या नियमाचा सगळा भार आपल्यावर पडणार, तो नियम त्याने स्वतः मागितला. या इतिहासात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट.

यानंतरही बराच काळ पंच हात कुठे लागला, धडक कशी बसली एवढेच पाहत. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीचा गोलकीपर शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात तुटले, आणि पंचांनी फाउलसुद्धा दिला नाही. १९९० आणि १९९१ मध्ये नियमाचा रोख बदलला. समोरच्याकडून काय हिरावले गेले, हा प्रश्न आता मध्यभागी आला. गोलची स्पष्ट संधी फाउल करून किंवा मुद्दाम हात लावून मोडली, तर लाल कार्ड. १९९४ मध्ये इटलीच्या पाल्युकाने नॉर्वेविरुद्ध पेनल्टी एरियाबाहेर हाताने चेंडू अडवला आणि विश्वचषकात बाहेर काढला गेलेला तो पहिला गोलकीपर ठरला.

पण त्या नियमात दुसरे टोक गाठले गेले. चेंडूसाठी प्रामाणिकपणे झेपावलेला गोलकीपर क्षणभर उशिरा पोचला तरी पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी, असे तीन घाव एकाच चुकीला बसत. २०१६ मध्ये हे सुधारले. पेनल्टी एरियात चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न असेल तर पेनल्टी आणि पिवळे कार्ड; ओढाओढ, ढकलाढकल असेल तर लालच. २०२४ पासून, पेनल्टी देण्याजोगा पण मुद्दाम न लावलेला हात गोलची संधी मोडत असेल, तर त्यालाही पिवळेच.

माझे मत असे. गोलकीपरला बाहेर काढावे ते त्याने आपल्या हक्काची हद्द जाणूनबुजून ओलांडून समोरच्याची हक्काची संधी हिरावली तर. उशीर झाला, अंदाज चुकला, एवढ्यासाठी नाही. २०१० मध्ये उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल रेषेवर हाताने अडवला. तिथे गोलकीपरने तेच केले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. कृती एकच, एकाचे ते कर्तव्य, दुसऱ्याचा तो अपराध. हक्क आणि हद्द एकत्रच मिळतात, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

हे सगळे आठवते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नागपूरला तान्हा पोळा असतो तेव्हा आमच्याकडे पांढुर्ण्याला जाम नदीत झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात आणि त्या झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव समोरासमोर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात. दर वर्षी शेकडो जखमी होतात, अनेकांचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबराचे चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत. इंग्लंडच्या ॲशबर्नमध्येही ओढ्याच्या दोन अंगांची माणसे शतकानुशतके एका चेंडूसाठी भिडत आली आहेत. अशाच बेबंद झुंजींतून फुटबॉल आला. त्याचे नियम दर पिढीने बदलले, तरी खेळ मेला नाही, उलट जगभर गेला.

म्हणून पांढुर्णा आणि सावरगावच्या पोरांना माझे सांगणे आहे. वरून आलेला नियम तुम्ही मानला नाही, मग तुमचा तुम्ही करा. मॅक्रमने स्वतःविरुद्ध नियम मागितला तसा तुम्ही मागा. पळस नदीत उभा राहू द्या, झेंड्यासाठी झुंजा, चंडीमातेचा जयजयकार करा. फक्त दगड हातातून खाली ठेवा. दोन दगड जमिनीवर ठेवले की गोल होतो, हे आपण सगळे लहानपणीच शिकलो आहोत.