आठवणींच्या घराचे वाटेकरी

गोतावळ्यात गेलेल्या बालपणाविषयी आमच्या पिढीने पुष्कळ लिहिले आहे, आणि बोलले तर त्याहून अधिक. पेडणे, डिचोली, साखळी येथील जुन्या घरांत वाढलेली माणसे चार ठिकाणांहून एकत्र आली की बोलणे हटकून त्या घरांकडे वळते. राजांगणातील तुळस, माजघरातील पाळणा, ओसरीवर एका ओळीत निजणारी दहा-बारा भावंडे, चवथीला मुंबईहून येणारे काका. गणपतीच्या माथ्यावर बांधलेल्या माटोळीत नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, आंबाडे आणि रानातून शोधून आणलेली नाना फळे. या स्मरणात खोटे काही नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. जे सुख आम्हाला मिळाले, त्याचे मोल कोणी चुकते केले याची विचारपूस न करता त्या सुखाचे गोड स्मरण करीत राहणे न्यायाचे आहे काय?

इरावतीबाई कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची ओळख सांगितली आहे ती अशी: परस्परांच्या नात्यातील जी माणसे एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचे अन्न खातात, सामाईक मिळकत धारण करतात आणि एकत्र देवकार्य करतात, त्यांचे ते कुटुंब. व्याख्या नेमकी आहे. पण आपल्या आठवणी तिच्याशेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. छप्पर आम्हाला आठवते, देवकार्य आठवते, पंगत तर फारच आठवते. चूल मात्र आठवते ती तिच्यावर शिजलेल्या पदार्थांपुरतीच. खतखते आठवते, हळदीच्या पानातील पातोळ्या आठवतात. ती चूल पहाटे कोणी पेटविली, तीस माणसांची पेज कोणी रांधली आणि शेवटच्या पंगतीला काय उरले, हे आठवत नाही. कारण ते आम्ही पाहिलेच नाही. बालकाला घर दिसते ते घेणाऱ्याच्या जागेवरून. यात बालकाचा दोष नाही. पण साठी उलटल्यावरही आम्ही त्याच जागेवरून पाहत राहिलो, तर ते निरागसपण म्हणता यायचे नाही.

आमच्या बहुतेक घरांत एक विधवा काकी किंवा आत्या असे. तिच्या मायेविषयी आम्ही भरभरून बोलतो. तिला सर्व मुले सारखी होती, ती कधी कोणावर रागावली नाही, असे आम्ही सांगतो. तिला रागावण्याचा अधिकार होता काय, हे आम्ही विचारीत नाही. तिची माया खरी होती, यात शंका नाही. पण माया करण्यावाचून तिला त्या घरात दुसरे स्थान नव्हते, हेही तितकेच खरे आहे. भाताच्या कोठीचेही तसेच. कोठीत येणारे भात कुळांनी पिकविलेले असे, आणि मुंडकारांची मुले आमच्याबरोबर खेळत ती अंगणापर्यंतच. १९७५ च्या मुंडकार कायद्याने आणि १९७६ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीने त्यांच्या पायाखालची जमीन त्यांची होण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा आमच्या कित्येक घरांत ‘आता पूर्वीचे दिवस राहिले नाहीत’ असा सुस्कारा उमटला. तो सुस्कारा आणि आमचे स्मरणरंजन यांचे नाते आम्ही समजतो त्याहून जवळचे आहे.

परंतु येथे थांबून सरसकट निकाल देणे हाही अन्यायच होईल. एकत्र कुटुंब म्हणजे केवळ बायकांचा तुरुंग, असे म्हणणाऱ्यांनाही ते घर पुरते दिसलेले नसते. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचताना कळते की, त्यांच्या शिकण्याला घरातून झालेला जाच प्रामुख्याने घरातील बायकांकडूनच झाला. सोसणारे आणि सोसायला लावणारे असे दोन स्वच्छ कप्पे त्या घरांत नव्हते. एकच व्यक्ती सून म्हणून सोशी आणि सासू म्हणून सोसायला लावी. शिवाय त्या घरांनी जो आसरा दिला तो मोठा होता. आईबाप गेलेले मूल तेथे पोरके म्हणून वाढत नसे. आजारी माणूस एकटा मरत नसे. १९५५ नंतर भारताची सरहद्द बंद झाली आणि पेडण्याची माणसे तेरेखोलच्या पलीकडील सावंतवाडीच्या सोयऱ्यांना दुरावली, तेव्हा त्या ओढग्रस्तीत भरल्या घरांचाच आधार होता. आज कुलपे लागलेल्या घरांकडे पाहून जीव हळहळतो, तो काही उगाच नव्हे.

मग या दोन सत्यांचा मेळ कसा घालावा? याचे उत्तर आमच्या मते आपल्या भूमीतच, तेही कायद्याच्या रुक्ष व्यवहारात आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल नव्या काबिजातींत मोडतात. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले, म्हणून येथील देवघरे आणि रूढी बव्हंशी अबाधित राहिल्या. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून येथे लागू झाला. त्याने मुलगा आणि मुलगी यांना वारसा सारखा दिला आणि सर्वसाधारणपणे पतिपत्नींची मिळकत अर्ध्या-अर्ध्या हक्काची मानली. पुढे १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही रूढींना मान्यता दिली. त्यांत, पत्नीला ठरावीक वयापर्यंत अपत्य न झाल्यास काही अटींवर पतीला दुसऱ्या विवाहाची मोकळीकही होती. म्हणजे, ज्या घरात काकी कागदोपत्री अर्ध्याची धनीण असू शकत होती, त्याच घरात ती चुलीपुढे मिंधी होऊन बसत होती. कायदा तिच्या बाजूला होता, घर नव्हते.

याच कायद्यातील इन्व्हेंटरीची पद्धत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. कर्ता गेला की वाटणीपूर्वी यादी होते. तीत घरदार, शेतभाट, दागिने, भांडीकुंडी येतात, तशी देणीही येतात. देणी वगळून केलेली यादी खोटी ठरते. आमचे म्हणणे इतकेच की, स्मरणाचीही इन्व्हेंटरी अशीच व्हावी. जमेच्या बाजूची माटोळी खोडण्याचे कारण नाही. पण देण्याच्या बाजूला काकीचे अख्खे आयुष्य आणि कुळाचे पावसाळे मांडल्यावाचून ती यादी पुरी होत नाही.

अशाने आठवणीतील गोडवा जाईल, ही कृतघ्नता होईल, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. कृतज्ञता ही कोणाविषयी तरी असावी लागते. ‘घराने आम्हाला वाढविले’ या वाक्यात कोणीच नाही. ज्या हातांनी वाढले ते ओळखले, तरच ऋण मानण्याला अर्थ येतो. न पाहता मानलेले आभार हे आपल्याच बालपणाचे कौतुक ठरते.

हा प्रश्न केवळ मनाचा नाही. जुन्या घरांच्या वाटण्या आज होत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. पेडण्यातील जमिनीकडे जग ज्या नजरेने पाहू लागले आहे ती आपण जाणतोच. अशा वेळी बहिणींपुढे हक्कसोडीचा कागद येतो, आणि त्याबरोबर आठवणीही येतात. मूळ घर एक राहावे, वाडवडिलांचा गणपती एका जागी पुजला जावा, लहानपणी आपण कसे एकत्र होतो! बहीण गहिवरते आणि सही करते. तिने राजीखुशीने, समजून सही केली तर तो तिचा अधिकार आहे. पण स्मृतीचा गहिवर पुढे करून हक्क मागून घेणे, म्हणजे काकीकडून जे घेतले तेच पुन्हा अधिक सभ्यपणे घेणे होय. आठवणींच्या घरात आम्ही सगळे सारखे होतो असे म्हणायचे असेल, तर कागदावरच्या घरातही तसेच असायला हवे.

आपल्या कित्येक घरांच्या वंशावळींत मुलगे, नातू, पणतू यांच्या शाखा आहेत. लेकी-सुनांची नावे बहुधा नाहीत. काकीचे माहेरचे नाव काय होते, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ती बहुतेक आपल्या बहिणीच आहेत. येत्या चवथीला घर भरेल तेव्हा पुरुषमंडळींनी थोडे गप्प राहून त्यांचे ऐकावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. त्यांच्या आठवणी आमच्या आठवणींशी जुळतीलच असे नाही. न जुळल्या तर दोन्ही ठेवाव्यात. घर दोघांचेही होते.