पिंछी केव्हा बदलायची?

पौडला कचेरीच्या आवारालगत बसून खरेदीखतं, हक्कसोडपत्रं आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या बाईनं अपरिग्रहावर लिहावं, हे जरा विनोदीच आहे. आमच्याकडे, म्हणजे जैनांत, बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजतात. त्यात पहिलं क्षेत्र आणि दुसरं वास्तु, म्हणजे शेतजमीन आणि घर. माझ्या दुकानात माणसं येतात ती बहुतेक या दोन गोष्टींसाठीच. पुण्याहून आलेला माणूस डोंगरउताराचा तुकडा घेतो, गावातला भाऊ विकतो आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. सही करताना बहिणी सहसा काही बोलत नाहीत. मी ते सगळं देवनागरीत उतरवून छापून देते. दुसऱ्यांच्या परिग्रहावर माझा संसार झाला, असं म्हणायला हरकत नाही.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, दिगंबर जैन शेतकऱ्याचं. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं की वडील, म्हणजे आमचे आण्णा, तत्त्वार्थसूत्र वाचायचे, रोज एका अध्यायाचा अर्थ सांगायचे. नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. ‘माझं काहीच नाही’ असं मनाला सांगायचा तो दिवस. आम्हा पोरांना मात्र त्या दिवशी दुसऱ्या दिवशीच्या अनंत चतुर्दशीची ओढ लागलेली असायची. लग्न झालं, यजमान पिरंगुटच्या कंपनीत लागले, म्हणून मी इकडं आले. आण्णांचं ते पुस्तक आता माझ्याकडं आहे आणि यंदा ते मी एका अगदी क्षुल्लक प्रश्नासाठी उघडलं. दुकानातला कॉम्प्युटर बदलायचा का, आणि बदलायचा तर कशात.

प्रश्न मी काढलेला नाही. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील, तर नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत घ्यायची, नाहीतर विंडोज ११ वर जायचं. माझ्या यंत्रातला इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्यापासून पुढच्यांनाच घरात घेतं. यंत्र धडधाकट आहे. एसएसडी बसवल्यापासून तर ते माझ्याआधी जागं होतं. तरी ते म्हातारं ठरलं.

मुलगा हिंजवडीत असतो. (हिंजवडीही आमच्या मुळशी तालुक्यातच येतं, हे तिथं नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.) तो म्हणाला, “आई, या निमित्तानं मॅक मिनी घे. एकदाच घे, चांगलं घे.” कॉम्प्युटर विकणाऱ्याचं म्हणणं, ताई, नवा विंडोजवाला घ्या, जुना मी वजा करून घेतो. मुलाचा एक मित्र लिनक्सवाला. तो म्हणाला, “मावशी, काहीच घेऊ नका. याच डब्यावर मिंट टाकून देतो, फुकट.” तिघंही आपापल्या बाजूनं असे बोलत होते की मला आमच्याकडचे पंथांचे वाद आठवले. इटलीचे लेखक उम्बेर्तो एको यांनी १९९४ मध्ये गमतीनं लिहिलं होतं की मॅक हा कॅथलिक आहे आणि डॉस प्रोटेस्टंट. लेख मजेदार आहे, पण त्यातला प्रश्न ‘तू कोणत्या देवळातला’ एवढाच. माझा प्रश्न देवळाचा नव्हता. वस्तू धरून ठेवणं आणि वस्तू सोडणं, यातलं खरं त्यागाचं कोणतं, हे मला कळत नव्हतं.

वरवर उत्तर सोपं आहे. जुनं वापरत राहणं म्हणजे साधेपणा, नवं घेणं म्हणजे हाव. माझ्या आजूबाजूला हे सगळेच मानतात आणि नवं घेताना थोडं लाजतात. पण उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचं नावच घेतलेलं नाही. ते मूर्च्छेला परिग्रह म्हणतात. वस्तूपाशी भान हरपतं, तो परिग्रह. हे नीट पाहिलं तर जुन्याला चिकटून बसणारा माणूस नवं घेणाऱ्यापेक्षा सरस ठरत नाही. मूर्च्छा दोघांची सारखीच, एकाची स्वस्त पडते इतकंच.

बाह्य परिग्रह दहा, तर अंतरंग परिग्रह चौदा सांगितलेत. मिथ्यात्व, क्रोध, मान, माया, लोभ, आणि मग हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद (म्हणजे कामभावाचे प्रकार). ही यादी घेऊन मी तिघांच्या सल्ल्याकडं पाहिलं. मुलाच्या मॅकमध्ये मान होता. आईच्या दुकानात काचेपलीकडून दिसेल असं काहीतरी असावं, हे त्याच्या मनात होतं आणि त्यात प्रेमही होतं, नाही असं नाही. विक्रेत्याच्या बोलण्यात भय होतं: ताई, व्हायरस आला तर सगळं जाईल. लिनक्सवाल्या पोराच्या बोलण्यात अरति, म्हणजे त्या मोठ्या कंपन्यांविषयीचा तिटकारा. आणि माझ्यात? माझ्यात रति. हा कीबोर्ड, ही खिडकी, डाव्या कोपऱ्यातला हा फोल्डर, बोटांना सगळं पाठ. ज्याला मी साधेपणा समजत होते ती निव्वळ सवयीची गोडी होती.

इथं कोणी लगेच अनेकान्त काढतं. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं, म्हणून बसा शांत. मला हे पटत नाही. अनेकान्त ही पाहण्याची शिस्त आहे, निर्णय टाळण्याचा परवाना नव्हे. कचेरीत मुदतीत अर्ज दिला नाही तर हक्क जातो. तसंच हेही.

मग मला मुनींची आठवण झाली. दिगंबर मुनी अंगावर सूतही ठेवत नाहीत, तरी त्यांच्याजवळ तीन गोष्टी असतात: पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. संयमाचं, शुद्धीचं आणि ज्ञानाचं साधन म्हणून. या तिन्हींना परिग्रह म्हणत नाहीत. पण त्यांतल्याच एखाद्या वस्तूवर मुनीचा जीव जडला, तर तीच वस्तू परिग्रह ठरते. लहानपणी मला यात पळवाट दिसायची. आता वाटतं, साधनाबद्दल याहून कठोर नियम करता येणार नाही, कारण तो वस्तूची झडती घेत नाही, धरणाऱ्याची घेतो.

त्यातही पिंछी. मोरानं आपण होऊन टाकलेली पिसं गोळा करून ती बांधतात. मुनी बसण्याआधी, काही ठेवण्याआधी तिनं जागा हलकेच झाडतात, बारीक जीव असेल तर तो न दुखावता बाजूला व्हावा म्हणून. चातुर्मास संपला की पिंछी-परिवर्तनाचा कार्यक्रम होतो. श्रावक नवी पिंछी देतात आणि जुनी पिंछी व्रत-नियम घेणाऱ्या श्रावकाला मिळते. माहेरी एका चातुर्मासात तो सोहळा मी पाहिला आहे. भाषणं फार लांबली होती, तेवढंच तेव्हा लक्षात राहिलं. मोठेपणी कारण कळलं. वापरून वापरून पिसांचा मऊपणा जातो, ती टोचू लागतात आणि जे साधन जीव वाचवायला घेतलं तेच त्यांना इजा करू लागतं. म्हणून बदलायची. जुनी झाली, शोभत नाही, पुढच्या संघाकडं वेगळी आहे, ही कारणंच नाहीत. मुनींच्या हाताला ती कशी लागते हा प्रश्नही नाही. जमिनीवरच्या किड्याला कशी लागते, हा प्रश्न.

ही कसोटी मला माझ्या टेबलासाठी पुरेशी वाटली. माझं यंत्र जुनं राहिलं तर टोचेल कोणाला? मला फारसं नाही. माझं त्यात आहेच काय, दोन भजनांच्या फायली आणि विजेच्या बिलांच्या पावत्या. टोचेल ते आधारकार्डाची, सातबाराची, बँक पासबुकाची छायाप्रत माझ्याकडं विश्वासानं देऊन गेलेल्या माणसांना. दुरुस्ती बंद झालेलं यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे त्यांचे कागद कडी नसलेल्या कपाटात ठेवणं. म्हणून ‘आहे तसंच चालू दे’ हा पर्याय गेला.

पण नवं यंत्रही कोणाला तरी टोचतंच. मुळशीत राहून हे विसरता येत नाही. मुळा-निळेच्या संगमावर टाटांचं धरण झालं. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढं होते आणि १९२४ पर्यंत लढून तो हरला. इथलं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं, तिथं वीज होते, ती मुंबईकडं जाते. पणजोबांची जमीन पाण्याखाली आहे असं सांगणारं गिऱ्हाईक अजून माझ्यासमोर बसतं. त्या वेळी मुंबईत दिवा लावणाऱ्याला मावळातलं बुडालेलं शेत दिसत नव्हतं. माझा नवा डबा कुठल्या खाणीतून, कोणाच्या हातून येणार ते मला दिसत नाही आणि विक्रेता ‘वजा’ करून घेणार तो जुना डबा शेवटी कुठल्या भंगारात उघड्यावर जळेल, तेही नाही. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, पण नियम आहेत म्हणून पौडचा डबा नीट जागी पोचेल असं मी गृहीत धरत नाही. आमच्या शास्त्रात गृहस्थाची हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. धंद्यातून होणारी उद्योगी. ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, पण जिथं कमीत चालतं तिथं जास्तीची का करायची, हे विचारायला ती लावते. धडधाकट यंत्र टाकायला मला कारण सापडलं नाही. मॅक आणि नवा विंडोज दोन्ही इथं मागं पडले. किमतीचा विचार यायच्या आधीच, हे मी मुलाला मुद्दाम सांगितलं. त्याला वाटत होतं मी पैसे वाचवतेय.

राहिला मिंट. आणि तिथंच खरी अडचण निघाली.

माझं जुनं काम युनिकोडच्या आधीच्या फॉंटमध्ये आहे. त्या फॉंटची गंमत अशी की पडद्यावर ‘खरेदीखत’ दिसतं, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. देवनागरीचे आकार त्यांच्या जागी बसवलेले. फॉंट काढला की अख्खा दस्त बरळू लागतो. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागते, रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. लग्नपत्रिकेत ते चालेल. खातेदाराच्या नावात चालत नाही.

आण्णा षट्खंडागमाची गोष्ट सांगायचे, ती इथं कामी आली. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांना वाटलं की पाठ असलेलं हे ज्ञान आपल्याबरोबर जाईल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना ते शिकवलं आणि त्यांनी ते ग्रंथात आणलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आम्ही श्रुतपंचमी पाळतो ती त्याचीच. पुढं शतकानुशतकं धवला टीकेसह तो ग्रंथ मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर राहिला, भाषा प्राकृत आणि लिपी जुनी कन्नड. लोक त्याचं दर्शन घेत, वाचत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नकला सुरू झाल्या, १९३९ पासून हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तो छापून येऊ लागला. भोज गावच्या आचार्य शांतिसागरांच्या प्रेरणेनं तर असे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले. कंठ, ताडपत्र, कागद, तांबं. साधन इतक्यांदा बदललं आणि दर वेळी ते बदलणारे लोक श्रद्धावंतच होते. जुन्या ताडपत्राची पूजा करत बसले असते तर कसर लागून ग्रंथ गेला असता.

हे आठवून मला हुरूप आला की आपणही सगळं युनिकोडमध्ये उतरवू, एकेक दस्त तपासू. फोल्डर उघडला आणि थांबले. भूतबलींनी जपलं ते जपण्याजोगं होतं. मी काय जपत होते? दुसऱ्यांचे दस्त. खरेदीखत नोंदलं की त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडं असते, नक्कल मागता येते, सूची दोन, म्हणजे नोंदीचा गोषवारा, निघते. माझ्या डिस्कवरच्या मसुद्याची कोणालाच गरज नाही. तरी तो ठेवलेला, कारण कधी कोणी आलं तर ‘आहे माझ्याकडं’ म्हणता यावं. यात लोभ नसेल, पण मान आहे. क्षेत्र-वास्तूच्या यादीत माझं नाव नाही म्हणून मी निर्धास्त होते आणि अख्ख्या खोऱ्याच्या जमिनींचे कागद माझ्या टेबलाखाली.

गृहस्थाला परिग्रह-परिमाण व्रत सांगितलंय: सगळं सोडायला जमत नसेल तर मर्यादा आधी ठरव. मी ठरवली. काम दिल्यावर एक वर्ष फाइल ठेवायची, मग पुसायची. दाराशी तशी पाटी लावली आहे. मिंट जुन्याच यंत्रावर बसेल, रोजचं काम युनिकोडमध्ये होईल. जुनी विंडोजची डिस्क काढून वेगळ्या डब्यात, इंटरनेटशिवाय, फक्त जुन्या फायली निवडण्यापुरती.

मुलगा म्हणाला, “एवढं तत्त्वज्ञान करून शेवटी फुकटचंच घेतलंस.” मी म्हटलं, “अरे, पुसायला जे धैर्य लागतं ते विकत घेऊन दे, मग बोल.”

नोंदलेले दस्त पुसायला सोपे गेले. लग्नपत्रिका त्याहून सोप्या. मृत्युपत्रांपाशी मात्र हात अडकला आहे. मृत्युपत्र नोंदवलंच पाहिजे असा कायदा नाही. घरातल्या घरात सही होते, साक्षीदार खेडेगावातले, कागद ट्रंकेत. ट्रंकेतला कागद वाळवीनं खाल्ला तर सही गेली आणि सहीशिवाय माझ्या मसुद्याला कायद्यात फारशी किंमत नाही, हे मला माहीत आहे. तरी एखाद्या म्हाताऱ्यानं सुनेला काय ठेवलं, हे सांगणारा तो एकटाच मजकूर असेल. तो पुसणं म्हणजे त्याग, की दुसऱ्याच्या वस्तूची नासाडी? मी सध्या ती मृत्युपत्रं छापते आहे आणि फोन करून घरच्यांना बोलावते आहे. काही येतात. काही म्हणतात, राहू द्या ताई तुमच्याकडंच.