समुद्र खालून परत येतोय

आजचं चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक १४ ते १६



गेल्या मे महिन्यात बुरोंडीला गेलो होतो. पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर उभ्या परशुरामाचं दर्शन घेतलं. बाण मारून त्याने समुद्र मागे हटवला आणि कोकण वर आलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परतताना वाटेत एका घरी पाणी मागितलं. आजींनी गुळाचा खडा दिला, तांब्या भरून दिला. पाणी मचूळ!

"बोअरचं आहे रे बाबा, उन्हाळ्यात असंच लागतं."

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण जांभ्यात पाणी ठरत नाही, उतारावरून थेट समुद्र गाठतं. आणि किनाऱ्यालगत जमिनीतलं गोडं पाणी आपण उपसत राहिलो की त्याची जागा खारं पाणी घेतं. परशुरामाने वरून हटवलेला समुद्र आपणच खालून बोलावतोय की!

भगवंत चक्र सांगतात: अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. हे चक्र जो पुढे चालवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ. यज्ञ म्हणजे होम एवढंच मी समजायचो. त्या घोटानंतर वाटतं, उपसलेलं जमिनीला परत देणं हाही यज्ञच.

पावसाळा संपला की ओढे वाहते असतानाच कोकणात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. यंदा त्यासाठी दोन दिवस रजा टाकलीय. नामस्मरण काय, गोणी भरतानाही होतं.